मांडणी कोणासाठी?

मराठीतील 'मांडणी' हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. घासूनपुसून लख्ख केलेली पितळेची भांडी जिच्यावर ओळीने लावीत, ती स्वयंपाकघरातील फळी म्हणजे मांडणी. आणि ती भांडी क्रमाने लावणे हीही मांडणीच. वाचकहो, आज ही मांडणी भिंतीवर होण्यापूर्वी पडद्यावर होऊ लागली आहे. भिंतीचे छायाचित्र घ्यावयाचे, फळीची लांबी, उंची व खोली मोजून भरावयाची, आणि फुलदाण्या, पुस्तके, मेणबत्त्या यांची चित्रे बोटाने सरकवीत मनाजोगी आरास जुळवावयाची. 2017 साली आयकिया या मूळच्या स्वीडिश कंपनीने एक ॲप काढले. फोनच्या कॅमेऱ्यातून पाहिले असता विकत न घेतलेली वस्तूही त्यात आपल्या खोलीत खऱ्या मापाने ठेवलेली दिसे. 2022 च्या जूनमध्ये या कंपनीचे दालन बंगळुरातील नागसंद्र येथे उघडले. आपल्या तरुण कुटुंबांना ही रीत आता परकी राहिलेली नाही.

यात वाईट ते काय, असे कोणी विचारील. योजना करण्यात काहीच वाईट नाही. बुरूज बांधू पाहणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, हा दाखला प्रभूनेच दिला आहे. भिंतीला चार चुकीची भोके पाडून पतिपत्नींनी दोन दिवस अबोला धरावा, यापेक्षा चित्रात पाहून घेणे केव्हाही शहाणपणाचे! 2 राजे या पुस्तकातील शुनेमची ती सुज्ञ बाईही योजना करणारीच होती. अलीशा संदेष्ट्यासाठी माडीवर खोली बांधावी आणि तीत पलंग, मेज, आसन व दिवा ठेवावा, हे तिने पतीला आधीच सांगितले होते. पण तिच्या योजनेत पाहुणा अगोदर आला आणि खोली नंतर. आपल्या योजनेत अगोदर कोण येतो?

बंगळुरातच शिवाजीनगर, म्हणजे पूर्वीची ब्लॅकपल्ली, या भागात दोन प्रकारच्या मांडण्या हाकेच्या अंतरावर पाहावयास मिळतात. 1927 साली बांधलेल्या रसेल मार्केटात फळवाले फळांचे सुबक ढीग रचतात. चांगला दाणा पुढे, डागाळलेला मागे. ही मांडणी गिऱ्हाइकासाठी आहे व ती तसे लपवीतही नाही. जवळच सेंट मेरी बॅसिलिका आहे. 8 सप्टेंबरच्या मरियेच्या जन्मोत्सवास तेथे सर्व धर्मांचे लोक लोटतात. तेथील मेणबत्त्या कोणी उंचीप्रमाणे लावीत नाही. जो येतो तो मिळेल त्या जागी आपली मेणबत्ती टेकवितो. दृश्य काही सुबक नसते, परंतु प्रत्येक ज्योतीमागे कोणीतरी असते.

घरातील फळी या दोहोंपैकी कोणासारखी असावी? पडद्याला आकार कळतो, रंग कळतो, माप कळते; वस्तू कोणाच्या हातून आली हे त्याला कळत नाही. रंगसंगती बिघडू नये म्हणून पुस्तकांच्या पाठी भिंतीकडे करून ठेवण्याचीही फॅशन निघाली आहे. मग पुठ्ठा सुटलेले आजीचे बायबल, ज्याच्या कोऱ्या पानावर घरातील जन्म, बाप्तिस्मे व विवाह यांच्या तारखा तीन पिढ्यांच्या हस्ताक्षरांत आहेत, ते कोठे बसावे? मुलाने संडे स्कूलमध्ये केलेला वाकडा क्रूस कोठे? या वस्तू कोणत्याही दुकानाच्या यादीत नाहीत, म्हणून त्या चित्रात येत नाहीत. आणि चित्र एकदा पक्के झाले की त्यांना जागा उरत नाही. त्या टाकाव्यात असे घरातील कोणीही ठरविलेले नसते. मला यातील नैतिक प्रश्न नेमका येथे दिसतो: निर्णय होतो, पण तो घेणारा कोणी नसतो.

याचा अर्थ प्रत्येक जुनी वस्तू जपावी असा नव्हे. लग्नात आलेली सहा भिंतीवरची घड्याळे कोणाच्याही प्रेमाची साक्ष देत नाहीत, ती खुशाल देऊन टाकावीत. मात्र वस्तू हातात घेऊन, तिचा इतिहास ठाऊक असलेल्या माणसास विचारून ती दूर करणे वेगळे, आणि ती योजनेत नव्हती म्हणून माळ्यावर जाणे वेगळे.

गावचे घर मोडून मुलाकडे राहावयास आलेल्या वृद्ध आईचा विचार करा. तिच्यापाशी एक ट्रंक असते. नव्या घराची सारी आरास महिनाभर आधी पडद्यावर ठरलेली असते, आणि तीत त्या ट्रंकेतील एकही वस्तू नसते. आई तक्रार करीत नाही. ती ट्रंक पलंगाखाली सरकविते. अशा घरात ॲप वापरू नये असे मी म्हणणार नाही. आधी ट्रंक उघडावी, तिच्यातील वस्तूंची मापे घ्यावीत, छायाचित्रे काढावीत, आणि मग चित्र जुळवावे. फळीची उंचीही उभे राहून पाहणाऱ्या पाहुण्याच्या नजरेने ठरवू नये. आई बायबल बसून वाचते. खुर्चीत बसल्यावर तिचा हात कोठवर पोहोचतो, ते एकदा मोजून घ्यावे.