धावलेल्या गाडीचे मूळ रूप

जुन्या गाडीचे काय करायचे, यावर सध्या दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, मोडीत काढा. दुसरा म्हणतो, आजोबांची आठवण आहे, राहू द्या. ऑगस्ट 2021मध्ये वाहने मोडीत काढण्याचे राष्ट्रीय धोरण आले, एप्रिल 2023पासून पंधरा वर्षांपुढच्या सरकारी गाड्यांची नोंदणी बंद झाली. रस्ते वाहतूक खात्याचे मंत्री नागपूरचेच, त्यामुळे आमच्या लकडगंजात हा वाद टपरीवरसुद्धा रंगतो. धुराचा मुद्दा खरा आहे, पण तो रोज धावणाऱ्या लाखो गाड्यांचा. वर्षातून चार वेळा बाहेर निघणाऱ्या गाडीला तो चिकटवण्यात अर्थ नाही. 'जुने ते सोने'वाल्यांना मात्र बहुधा सोनेच हवे असते.

मला खटकते ती तिसरीच भूमिका. ती सभ्य आहे, अभ्यासू आहे आणि आता कायद्यातही जाऊन बसली आहे. गाडी मूळ रूपात असेल तरच ती वारसा, असे ती सांगते. 2021च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या दुचाकी-चारचाकीला 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येते. वीस हजार रुपये भरा, दहा वर्षांची नोंदणी आणि 'व्हीए' अक्षरांची पाटी मिळवा. अट अशी, की चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. त्याआधी जानेवारी 2019मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम 52चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयानेही कारखान्याने ठरवलेल्या मूळ रचनेत बदल चालणार नाही, असेच म्हटले होते. रस्त्यावरच्या सुरक्षिततेसाठी ते रास्तच. पण सुरक्षिततेची कसोटी उचलून इतिहासाला लावली, की घोटाळा सुरू होतो.

कारण शर्यतीत धावलेली गाडी या कसोटीवर कधीच उतरू शकत नाही. मद्रासजवळच्या शोलावरमला, महायुद्धातल्या धावपट्टीवर, कित्येक वर्षे शर्यती झाल्या. तिथे कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या फियाट धावल्या, हेराल्ड धावल्या, अँबॅसिडरसुद्धा. या घरगुती गाड्या होत्या, शर्यतीसाठी जन्मलेल्या नव्हत्या. मागची सीट काढून टाकायची, स्प्रिंगा खाली बसवायच्या, सिलिंडर हेड घासून कॉम्प्रेशन वाढवायचे, आत लोखंडी पाइपांचा पिंजरा वेल्ड करायचा. ही कामे गॅरेजवाल्यांनी हातांनी केली. अशी एखादी फियाट आज कुणाच्या शेडमध्ये सापडली, तर नियमाच्या नजरेने ती बिघडवलेली गाडी. पाटी हवी असेल, तर पिंजरा कापा, हेड बदला, सीट परत बसवा. म्हणजे जे तिने केले, त्याच्या सगळ्या खुणा पुसा. नाही तर गॅसकटर आहेच. मोडीत काढताना चेसिस नंबरचा तेवढा तुकडा कापून नोंदीसाठी ठेवतात. बाकीचे वजनावर जाते.

हा पेच आपल्याच नशिबी आला आहे, असे नाही. अमेरिकेतल्या नॅसकारची पहिली 'स्ट्रिक्टली स्टॉक' शर्यत 19 जून 1949 रोजी शार्लट इथल्या मातीच्या ट्रॅकवर झाली. शोरूममधून निघाली तशीच गाडी पळवायची, हा नियम. ग्लेन डनअवे 1947च्या फोर्डमध्ये पहिला आला. तपासणीत दिसले, की मागच्या स्प्रिंगा ताठ करून घेतल्या आहेत. चोरटी दारू वाहणाऱ्या गाड्यांची ही ठरलेली युक्ती. मागे ओझे असले तरी वळणावर गाडी लवत नाही. डनअवे बाद झाला, लिंकन चालवणारा जिम रोपर विजेता ठरला. फोर्डच्या मालकाने कोर्ट गाठले, तिथेही हरला. शर्यतीचा निकाल म्हणून हे मला मान्य आहे. पण इतिहास म्हणून त्या दिवशी ट्रॅकवर सर्वांत बोलकी वस्तू कोणती होती? त्या स्प्रिंगाच. रात्रीचे डोंगरी रस्ते, पोलिसांचा ससेमिरा आणि या खेळाचा उगम त्यांत होता. त्या काढून कारखान्याच्या स्प्रिंगा बसवल्या असत्या, तर उरली असती फक्त एक फोर्ड, लाखोंतली एक.

तिथल्या जुन्या शर्यती-गाड्यांचे पुढे झाले तेही ऐकण्यासारखे आहे. मोठ्या संघाने टाकलेली गाडी छोट्या ट्रॅकवरच्या गरीब चालकाकडे जाई, तो तिच्यावर नव्या मॉडेलचे पत्रे चढवी, ती आदळली की तिसरा चेसिस तेवढी उचली. ज्या पाँटियाकमधून 200वा विजय मिळवून रिचर्ड पेटीने 1984 साली अमेरिकेला वेड लावले, ती स्मिथसोनियन संग्रहालयात आहे, पण असे भाग्य अपवादाचे.

मूळ रूपवाले यावर म्हणतील, मग सीमा कुठे आखायची? उद्या कोणीही गाडीला पंख लावून वारसा म्हणेल. हा आक्षेप मला महत्त्वाचा वाटतो, पण तो त्यांच्यावरच उलटतो. स्पर्धांत बक्षिसे घेणाऱ्या 'मूळ' गाड्या जवळून पाहा. रंग नवा, क्रोम नवे, गाद्यांचे चामडे नवे, कारखान्यातून निघाली त्या दिवशीही नव्हती इतकी चकाकी. या गाडीत बदल झाला नाही, असे कोण म्हणेल? तिच्यातही फेरफार झाला, फक्त दाखवण्यासाठी. शोलावरमच्या फियाटमध्ये झाला तो धावण्यासाठी. पहिल्याला आपण जतन म्हणतो, दुसऱ्याला छेडछाड. माझ्या मते वारसा ठरवताना दोन्हींतला हाच भेद पाहायला हवा. वय आणि मूळपणा नंतर.

लकडगंजच्या टिंबर मार्केटमध्ये हा भेद शिकवावा लागत नाही. पाडलेल्या वाड्याची सागवानी तुळई इथे विकायला येते तेव्हा व्यापारी तिच्यावर हात फिरवून खिळ्यांची भोके, खाचा, कडीपाटाचे व्रण पाहतो आणि त्यावरून तिचे वय सांगतो. तिने पुन्हा झाड व्हावे, अशी अट कोणी घालत नाही.

जुन्या वाहनांची जागतिक संघटना 'फिवा' हिच्या ट्यूरिन सनदेतही गाडी निर्मितीच्या दिवशी होती तशी परत करण्याची गरज नाही, असे म्हटले आहे. म्हणजे मी जगावेगळे काही मागत नाही. नोंदणीत एक रकाना वाढवावा: बदल कोणते, कधीचे, कशासाठी. शर्यतीतला बदल गाडी धावत असताना झाल्याचे दाखवता आले, तर तो दोष न मानता पुरावा मानावा. खोटे पुरावे येतील, हे उघड आहे. पण आजही मूळपणाच्या नावाखाली नंबरांच्या पाट्या बदलल्या जातातच, आणि पाटी ओळखण्यापेक्षा जोड ओळखणे सोपे आहे. पन्नास वर्षांपूर्वीचा गॅसवेल्डिंगचा जोड आणि गेल्या महिन्यातला मिग वेल्डिंगचा जोड, यांतला फरक कारागिराला उजेडात एकदा पाहिल्यावर कळतो. या गाड्या तपासण्यासाठी राज्यांनी समिती नेमायची, असे नियमांत आहे. त्या समितीत एक जुना वेल्डर घ्यावा.