बरोबरीत सोडवायची कुस्ती

लातूरकडच्या मुरुडच्या एका चहाच्या हॉटेलात मामा आणि भाचा बसलेत. मामा जत्रेच्या कुस्ती कमिटीत, भाचा हैदराबादला नोकरीला. नामांकित पैलवानाच्या माणसाचा फोन येऊन गेलाय : इनाम ठरलं तेवढंच द्या, पण कुस्ती बरोबरीत सोडवा.

भाचा : मग काय कळवलंत?

मामा : काहीच नाही अजून. नाही म्हणावं तर पैलवान येत नाही, आणि पोस्टरवर नाव नसलं की फडाकडं माणूस फिरकत नाही. हो म्हणावं तर अख्ख्या फडाशी खोटं बोलायचं.

भाचा : हो म्हणा. फक्त भोंग्यावरून पुकारा, ही प्रदर्शनी कुस्ती आहे म्हणून.

मामा : ठरवलेली कुस्ती बघायला कोण येतंय रे?

भाचा : मी गेलो होतो की. ८ सप्टेंबर २०२३ ला गचीबावलीच्या स्टेडियमवर डब्ल्यूडब्ल्यूई आलं होतं. निकाल आधीच ठरलेला असतो हे सगळ्यांना ठाऊक. तरी जॉन सीना रिंगकडं निघाला तेव्हा अंगावर काटा आला. घसा बसेस्तोवर ओरडलो. ते ओरडणं खोटं नव्हतं, मामा.

मामा : तुझं ओरडणं खरं. ज्याच्यासाठी ओरडलास ते?

भाचा : तेही खरं, पण वेगळं. डोक्यावर उचललेला गडी असा टाकायचा की आवाज मोठा यावा आणि त्याची मान शाबूत राहावी. पडणारा आपला जीव टाकणाऱ्याच्या हाती देतो. आणि त्यांनी फसवलंय कुणाला? १९८९ सालीच कंपनीनं न्यू जर्सीच्या सिनेटपुढं कबूल केलं की ही स्पर्धा नाही, करमणूक आहे.

मामा : कबूल का केलं?

भाचा : क्रीडा आयोगाचे नियम आणि कर टाळायला. पण सांगितलं तर खरं. आपला फड खरेपणाची शपथ घेतो आणि आतून फोन येतो.

मामा : येतो. म्हणूनच झोप नाही. पण दुपारी फडाची सुरुवात बघितलीस कधी? हलगी वाजत असते, रेवड्यांवर पोरं लावलेली असतात. त्यातलं एखादं चितपट होतं, पाठीची माती न झाडताच बापाला शोधत फिरतं. त्याला कुणी आधी सांगितलेलं नसतं की आज तू हरणार आहेस. जानेवारी २०२० ला मी बालेवाडीला होतो. महाराष्ट्र केसरीची शेवटची कुस्ती, आपल्या लातूरचा शैलेश शेळके आणि नाशिकचा हर्षवर्धन सदगीर. दोघंही काका पवारांच्या एकाच तालमीतले. ठरवायचंच असतं तर याहून सोपी जोड कुठली? एका गुणानं हरला आपला, ३-२. हर्षवर्धननं त्याला खांद्यावर घेतलं आणि मला रडू आवरेना. ते आधीच ठरलेलं असतं तर रडलो असतो का मी?

भाचा : कदाचित रडला असता. पण निकालीचा हट्ट धरतं कोण? आपण. पैलवानाचा एक गुडघा गेला की जत्रांचा हंगाम गेला, खुराकाची उधारी मात्र राहिली. आपण टाळ्या वाजवून घरी.

मामा : (बराच वेळ गप्प) हे नाकारता येत नाही. खडाखडी लांबली की सगळ्यात आधी मीच ओरडतो. तरी पण... रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदारांनी १९७७ ला बेळगावात सतपाल पैलवानाला हरवलं. त्या दिवशी ते अंग राखून खेळले असते तर?

भाचा : म्हणजे आपल्याला नाव घ्यायला मिळावं म्हणून त्यांनी हाडं मोडून घ्यायची?

मामा : आपल्यासाठी नाही रे. सतपालपुढं आपण किती, हे त्यांना त्या दिवशी कळलं. सतपाललाही कळलं. बरोबरी ठरवून आलेल्या दोघांना मातीतून उठताना काय कळतं? अंगाला माती लागते, तेवढंच.

भाचा : मग असं कळवा. भोंग्यावर प्रदर्शनी म्हणूनच पुकारणार, इनाम निम्मं. उरलेलं निम्मं आपल्या भागातल्या पोरांच्या निकाली जोडीला.

मामा : कबूल नाही होणार तो.

भाचा : तर पोस्टरवरून नाव काढा.

मामा : गर्दी घटेल. कमिटी माझ्यावर उखडेल. (फोन हातात घेत) आणि झालाच कबूल, तर तू टाळ्या वाजवशील?

भाचा : वाजवीन. माहीत असून वाजवीन.

मामा : मी नाही वाजवणार. पण उठूनही जाणार नाही. पाहुणा आहे तो आपला.