जुने वस्त्र आणि नवा विद्यार्थी



तुमच्यापैकी कित्येकांची मुले आज पुण्यात शिकत आहेत. वडगाव, आंबेगाव, नऱ्हे या भागांत महाविद्यालये झाली आणि शेजारच्या धायरीत एकेका खोलीत चार-चार खाटा टाकून विद्यार्थी राहू लागले. या मुलांना आता कॉलेजात सांगितले जाते की, वस्तू कमी वापरा, जुने पुन्हा वापरा, ताटात टाकू नका, प्लास्टिक टाळा. उपदेश चांगला आहे. परंतु तो ऐकून आपल्या घरातून एक प्रश्न उठतो, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. ज्यांनी पिढ्यान् पिढ्या कमीच वापरले, त्यांना कमी वापरा असे सांगण्याचा अधिकार कोणाला?

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात सेवा करणाऱ्या शूद्राला उष्टे अन्न व जीर्ण वस्त्रे द्यावीत, असे विधान आहे. आपल्या आजा-पणजांच्या अंगावरचे कापड कोठून येत होते, हे आपल्याला त्या पोथीवरून समजून घेण्याची गरज नाही. म्हणूनच १९२७ च्या मार्चमध्ये महाडला पूज्य बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस व उष्टे तुकडे सोडण्यास सांगितले. त्याच वर्षी डिसेंबरात, मनुस्मृतीच्या दहनानंतर, त्यांनी आपल्या माताभगिनींना अस्पृश्य म्हणून ओळख पटविणारी लुगड्याची व दागिन्यांची धाटणी टाकून देण्यास सांगितले. बापाने पहिल्या पगारातून मुलीला कोरा पोशाख घेतला तर ती चैन नव्हती. तो जुन्या कायद्याला दिलेला जबाब होता. अशा घरच्या मुलीला कोणी वापरलेले कपडे घेण्याचा सल्ला दिला तर तिच्या कपाळाला आठी पडते. ती आठी मला रास्त वाटते.

मग आपण उधळपट्टीच्या बाजूने उभे राहावयाचे काय? तसेही नाही. येथे थोडा विचार करावा लागेल.

बाबासाहेब न्यूयॉर्कला शिकत होते तेव्हा पोटाला चिमटा घेऊन त्यांनी जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून सुमारे २,००० ग्रंथ जमविले. १९१७ साली सामानाचे जहाज बुडाले आणि त्यात बरेच ग्रंथ गेले, ही हकिकत तुम्ही ऐकली असेल. ते ग्रंथ कोणीतरी वापरून टाकलेलेच होते. त्यांत कमीपणा होता काय? मुळीच नाही. कारण ते त्यांनी स्वतः निवडले होते. तुझ्या जातीला एवढेच, असे सांगून कोणी त्यांच्या पदरात टाकले नव्हते. अपमान वस्तूच्या जुनेपणात नसतो, देणाऱ्याच्या हुकमात असतो. तुमचा मुलगा अप्पा बळवंत चौकातून जुनी पुस्तके घेऊन आला तर त्याला अभिमानाने घरात घ्या.

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात एक कथा आहे. कौशांबीच्या उदयन राजाच्या राण्यांनी भदंत आनंदांना ५०० वस्त्रे दान दिली. राजाला राग आला. हा श्रमण एवढी वस्त्रे घेऊन करणार काय, दुकान मांडणार काय? त्याने आनंदांना गाठून विचारले. आनंद म्हणाले, ज्या भिक्खूंची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना वाटू. मग त्या जुन्या चीवरांचे काय? त्यांच्या चादरी करू. जुन्या चादरींचे? गाद्यांच्या खोळी. जुन्या खोळींचे? जमिनीवरची अंथरणे. मग पायपुसणी, मग धूळ झटकण्याची फडकी. आणि फडकी फाटली की? कुटून चिखलात कालवू व त्या चिखलाने जमीन सारवू. राजा संतुष्ट झाला व त्याने आणखी ५०० वस्त्रे दिली.

या कथेत आनंदांनी कोरे वस्त्र नाकारले नाही, हे ध्यानात घ्या. तथागतांनी दारिद्र्याला कधी पुण्य म्हटले नाही. नवे जरूर घ्यावे. मात्र घेतलेल्या प्रत्येक वस्तूचा शेवटपर्यंतचा हिशेब आपल्यापाशी असावा. राजाने हिशेब विचारला, आणि भिक्खूला तो देता आला.

तसाच हिशेब आज धायरीतल्या मुलाला विचारू या. मेसच्या ताटात अर्धी पोळी टाकली, ती कोठे गेली? चहाचा कप, पाण्याची बाटली कोठे गेली? पुणे शहरात रोज २,००० टनांहून अधिक कचरा निघतो. वर्षानुवर्षे तो उरुळी देवाची व फुरसुंगीच्या हद्दीत नेऊन टाकला गेला. तेथील विहिरी नासल्या, गावकऱ्यांनी कितीदा तरी गाड्या अडविल्या. २०१७ साली जी ११ गावे महापालिकेत आली त्यांत धायरीही होती आणि ही दोन्ही गावेही. पुढे ती दोन गावे पुन्हा वगळण्यात आली.

आणि हा कचरा हाताने निवडतो कोण? बहुसंख्य दलित समाजाच्या स्त्रिया. त्यांची संघटना, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, १९९३ साली उभी राहिली. एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठाच्या प्रौढ व निरंतर शिक्षण विभागाची माणसे त्यांच्यापर्यंत गेली होती, डॉ. बाबा आढावांचे साहाय्य होते. विद्यापीठाने परिसराबाहेर पाय टाकला की काय घडते, याचा हा दाखला. त्यातूनच २००८ पासून 'स्वच्छ' ही सहकारी संस्था महापालिकेशी करार करून दारोदारचा कचरा गोळा करू लागली. म्हणजे आपल्या पदवीधर मुलाने कुजक्या भाजीत भिजवून फेकलेला कागद दुसऱ्या टोकाला कदाचित आपल्याच मावशीच्या हाती लागतो. जातीने लादलेल्या कामातून एक घर बाहेर पडले व त्याच घरातल्या मुलाने दुसरीच्या कामाची घाण वाढविली, तर त्याला प्रगती कसे म्हणावे?

उपदेश करणाऱ्यांनाही दोन शब्द सांगितले पाहिजेत. संमेलनाला फ्लेक्स, पाहुण्यांना बाटल्या, आणि वसतिगृहाच्या मुलाला काटकसर, हे शोभत नाही. आपल्यालाही शोभत नाही. १४ एप्रिलच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या वस्तीतला रस्ता एकदा पाहा, म्हणजे पुरे.

हप्त्यावर घेतलेल्या मोबाईलचा विषयही टाळता येत नाही. दीघजाणू नावाच्या गृहस्थाला तथागतांनी आयव्ययाचा मेळ ठेवण्यास सांगितले. मिळकत थोडी आणि खर्च मोठा, असा माणूस उंबराची फळे खाणाऱ्यासारखा, असे लोक म्हणतात. पण मिळकत मोठी असून उपाशी राहणाऱ्यालाही तेथे बोल लावला आहे. तेव्हा मुलाला चांगली वही, चांगले जोडे, पोटभर जेवण घेऊन द्या. त्यात हात आखडू नका. जुना फोन चालत असताना नवा मात्र कशासाठी, हे विचारा.

मुलगा, मुलगी सुटीला घरी आली म्हणजे मेसमध्ये आधी अर्धेच वाढून घे व लागले तर पुन्हा घे, एवढे सांगा. सोबत स्टीलची बाटली द्या. ओला व सुका कचरा वेगळा ठेवावा, प्लास्टिक धुऊन द्यावे. मुलीला सांगा की वापरलेले सॅनिटरी पॅड कागदात नीट गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा. 'स्वच्छ'च्या भगिनींनी स्वतःच तशी मागणी केली आहे, म्हणजे आत काय आहे ते पाहण्यासाठी त्यांना पुडके उघडावे लागत नाही.