निर्दोष असूनही कारावास

सूरह यूसुफचे पठण आपण अनेकदा करतो. त्यातील बंद दरवाजांचा प्रसंग आपण संयमाची शिकवण म्हणून ऐकतो. तो न्यायाचीही शिकवण आहे.

हजरत यूसुफ (अ.) अझीझच्या घरी आश्रित होते. जिच्या घरी ते राहत होते, तिनेच दरवाजे बंद करून त्यांना दुष्कृत्यासाठी बोलावले. ते दाराकडे धावले. तिने मागून त्यांचा सदरा ओढला आणि दाराशी पती दिसताच त्यांच्यावरच आरोप केला. तिच्याच कुटुंबातील एका साक्षीदाराने सदरा कोणत्या बाजूने फाटला आहे ते पाहण्यास सुचवले. तो मागून फाटलेला निघाला, सत्य उघड झाले. तरीही, कुरआन सांगतो (१२:३५), खुणा पाहिल्यानंतरच त्यांना कैदेत टाकण्याचे ठरले. घराण्याची चर्चा थांबावी म्हणून निर्दोषाला शिक्षा मिळाली.

आता आपल्या शहराकडे पाहा. जालना, बीड, परभणीच्या गावांतून मुली शिकण्यासाठी छत्रपती संभाजीनगरात येतात. एखादीने घरी सांगितले की शिक्षक किंवा सहाध्यायी त्रास देतो, तर पुष्कळदा पहिला निर्णय काय होतो? तिचे कॉलेज बंद! त्रास देणारा वर्गात राहतो आणि ती घरात बसते. अझीझच्या घराने जे केले, तेच आपण अब्रूच्या नावाने करतो.

या देशाच्या कायद्याने दुसरा मार्ग ठेवला आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली विशाखा निकालात मार्गदर्शक तत्त्वे दिली, २०१३ साली कायदा झाला आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५च्या विनियमांनी प्रत्येक महाविद्यालयावर अंतर्गत तक्रार समितीचे बंधन घातले. समितीची अध्यक्ष ज्येष्ठ महिला असते, निम्म्याहून कमी महिला चालत नाहीत, एक सदस्य संस्थेबाहेरचा असतो. प्रकरण विद्यार्थ्यांचे असेल तर विद्यार्थी प्रतिनिधीही बसतात. विभागप्रमुख, अधिष्ठाता यांसारखे वरिष्ठ अधिकारी तीत नसतात, कारण संस्थेची अब्रू सांभाळणाऱ्याने निवाडा करू नये. लेखी तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करावी. सबळ कारण असल्यास मुदत वाढते. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. दरम्यान आरोपीला तिचे पेपर तपासण्यापासून रोखता येते. ती पोलिसांकडे जाऊ इच्छित असेल, तर समितीने साहाय्य करायचे असते. हे विनियम त्रास सोसणाऱ्या मुलग्यांनाही संरक्षण देतात.

महाराष्ट्राने आणखी एक धडा पाहिला आहे. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडले. तिच्या अंगावर जखमा नाहीत, हे त्याचे एक कारण होते. १९७९ साली कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर आवाज उठला आणि १९८३ साली कायदा बदलला. शिकवणाऱ्यांनी मौन सोडले, म्हणून हे घडले.

कोणी म्हणेल, आरोप खोटा असला तर? कुरआन बातमीची शहानिशा करण्यास सांगतो (४९:६) आणि चारित्र्यावर खोटा आळ घेणाऱ्यास कठोर शिक्षा सांगतो (२४:४). म्हणूनच तर चौकशी हवी. आरोपीचीही बाजू ऐकली जाते, दोन्ही नावे गुप्त राहतात. मात्र पुरावा अपुरा पडला म्हणजे तक्रार खोटीच ठरली, असे विनियमही मानत नाहीत. यूसुफ (अ.) यांनी स्वतः काय केले, आठवा. राजाने बोलावणे पाठवले तेव्हा ते लगेच बाहेर आले नाहीत. आधी त्या प्रकरणाची चौकशी करा, असा त्यांचा आग्रह होता (१२:५०). चौकशी झाली आणि त्या स्त्रीने स्वतः सत्य कबूल केले.

तेव्हा वडीलधाऱ्यांनो, मुलीने तोंड उघडले तर आधी पूर्ण ऐका, मग तिच्यासोबत समितीसमोर जा. अत्याचार झालेल्याने उघड बोलावे, याची मोकळीक अल्लाहनेच दिली आहे (४:१४८). तरुणांनो, सूरह नूरमध्ये नजर खाली ठेवण्याचा आदेश प्रथम पुरुषांना आहे. मित्र चुकत असेल तर त्याचा हात धरा, प्रेषितांनी (स.) अत्याचारी भावाला रोखणे हीच त्याची मदत म्हटली आहे. आणि आपला नातेवाईकच दोषी निघाला, तरी न्यायावर ठाम राहण्याचा हुकूम आहे (४:१३५).

हे अल्लाह, आमच्या घरांना निर्दोषांचा तुरुंग होऊ देऊ नकोस. आमच्या लेकरांना ज्ञान आणि सुरक्षितता दोन्ही दे. आमीन.