‘चालतो’ म्हणण्याचा अधिकार

बंद पडलेले यंत्र कोणाला फसवीत नाही. आपण निकामी आहोत हे ते उघडपणे सांगते, म्हणून त्याच्यावर कोणी विसंबतही नाही. फसगत होते ती कधी सुरू होणाऱ्या आणि कधी न होणाऱ्या यंत्राकडून. अशा यंत्राविषयी ‘ते चालते’ असे म्हणणे खरे की खोटे? प्रश्न तांत्रिक भासला तरी मुळात नैतिक आहे, असे आम्हांस वाटते.

अमेरिकेतील एक उदाहरण घेऊ. तेथे अनेक निवृत्त जोडपी ‘आर.व्ही.’ म्हणजे चाकांवरचे घर घेऊन हिंडत असतात. ॲरिझोना राज्यातील क्वार्ट्झसाइट या वाळवंटी गावाभोवती दर हिवाळ्यात अशा गाड्यांचे मोठे तळ पडतात. मोकळ्या सरकारी जमिनीवर गाडीपर्यंत विजेची तार येत नाही. सौरपट्ट्या नसतील, तर दिव्यांपासून एखाद्या वृद्धाला झोपेत श्वास घेण्यास साहाय्य करणाऱ्या यंत्रापर्यंत सारे काही बॅटरीवर आणि ती भरणाऱ्या जनरेटरवर अवलंबून असते.

हा जनरेटर मधूनमधून सुरू होईनासा झाला, तर कारणे अनेक संभवतात. बऱ्याच गाड्यांत त्याला गाडीच्याच टाकीतून पेट्रोल मिळते. मात्र त्याची नळी मुद्दाम आखूड ठेवलेली असते. टाकीत सुमारे पाव भाग इंधन उरले की जनरेटर थांबावा आणि परतीच्या प्रवासाची सोय राहावी, हा त्यामागील हेतू. गाडी उतारावर उभी असेल, तर काटा पावाच्या वर असूनही नळी कोरडी राहू शकते. महिनोन्महिने वापर नसल्यास कार्ब्युरेटरमध्ये जुन्या पेट्रोलचा चिकट थर बसतो. तेल कमी झाले, तर सुरक्षेसाठी बसविलेली कळ इंजिन चालू देत नाही.

सर्वांत चकवणारा दोष तारेच्या सांध्यात असतो. सांगाड्याला बोल्टने जोडलेली तार पाण्याने आणि धुळीने गंजते. पूर्ण भरलेली बॅटरी स्वस्थ असताना मीटरवर सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. सारे ठीक आहे असे वाटते. परंतु स्टार्टर फिरू लागताच मोठा प्रवाह लागतो, तो गंजलेल्या सांध्याला पेलत नाही आणि जनरेटरपर्यंत पोहोचणारा दाब कोसळतो. म्हणून मापन करायचे ते स्टार्टर फिरत असताना, सांध्याच्या दोन्ही बाजूंना. विश्रांतीच्या वेळी घेतलेले माप येथे साक्ष देऊ शकत नाही.

मोह उत्पन्न होतो तो याच ठिकाणी. कोणी स्पार्क प्लग बदलतो, जनरेटर सुरू होतो आणि दोष प्लगमध्येच होता असा निर्वाळा दिला जातो. पण तो एरवीही सुरू झाला असता! प्रामाणिक कारागीर एका वेळी एकच गोष्ट बदलतो. कोणत्या स्थितीत यंत्र हटकून अडते, हे तो आधी शोधतो. दुरुस्तीनंतर नेमक्या त्याच स्थितीत पुन्हा पुन्हा परीक्षा घेतो. आणि दोष हाती लागलाच नाही, तर ‘आज सुरू झाला, कारण सापडलेले नाही’ असे सांगतो. हे वाक्य अपयशाचे दिसले तरी ते सचोटीचे आहे.

आता अशी गाडी विकणाऱ्या गृहस्थाचा विचार करा. ग्राहक आला त्या सकाळी जनरेटर पहिल्याच प्रयत्नात सुरू झाला. ‘चालतो’ हा त्याचा शब्द डोळ्यांदेखत खरा ठरला. तरीही तो असत्य बोलला, असेच आम्ही म्हणू. कारण ग्राहक त्या सकाळची घरघर विकत घेत नाही, तो उद्याच्या रात्रीचा भरवसा विकत घेतो. यावर कोणी म्हणेल, ‘कोणते यंत्र कधी बिघडणारच नाही?’ आक्षेप रास्त आहे. पण येथे कायमची हमी कोणीच मागत नाही. जेवढे ठाऊक आहे तेवढे सांगावे, इतकीच अपेक्षा आहे. काळोख्या वाळवंटात त्या मौनाची किंमत भलताच कोणी मोजतो.

ॲरिस्टॉटलने सद्गुण एखाद्या सुट्या कृतीत न शोधता अंगी मुरलेल्या वृत्तीत शोधला. आपल्यालाही हेच लागू पडते. निवांत बसलेले असताना आपण सर्वच बारा व्होल्ट दाखवितो. भार पडला म्हणजे सांधे कळतात. मात्र या कसोटीचा उपयोग माणसांना भंगारात काढण्यासाठी होऊ नये. जे यंत्र कधीतरी सुरू होते, त्याच्यात सुरू होण्याचे सामर्थ्य आहे, हे तर सिद्धच झालेले असते. अनेकदा एक गंजलेला सांधा घासून घट्ट करणे एवढेच काम उरलेले असते. परंतु तो सापडेपर्यंत ‘दुरुस्त झाले’ असे म्हणू नये — यंत्राविषयी नाही आणि स्वतःविषयी तर नाहीच.