डिस्प्ले येत नाही

बटण दाबलं, पंखा फिरू लागला, दिवाही लागला; पडदा मात्र काळाच. अशा वेळी घराघरांतून एकच वाक्य निघतं, "विंडोज उडाली, फॉरमॅट मारावं लागेल." या वाक्याची मला धास्ती वाटते. त्यात चौकशीआधीच शिक्षा ठरलेली असते, आणि ती भोगतात लग्नाचे फोटो, मुलांचे प्रकल्प, दुकानाचे हिशेब. विंडोज असते डिस्कवर. पडदा अगदी सुरुवातीपासून काळा असेल, तर बहुतेकदा यंत्र डिस्कपर्यंत पोचलेलंच नसतं.

कॉम्प्युटर कामाला लागण्याआधी स्वतःला तपासतो. १९८१ साली आयबीएमचा पहिला पीसी आला, तेव्हापासूनची ही रीत. मदरबोर्डवरच्या चिपमधला एक छोटा प्रोग्रॅम मेमरी, कीबोर्ड, डिस्प्ले आहेत ना, चालतात ना, हे बघतो आणि मगच डिस्ककडे वळतो. वाटेत काही अडलं तर ते पडद्यावर लिहून सांगणार कसं? पडदाच अजून सुरू झालेला नसतो. म्हणून तो आवाज करतो. जुन्या यंत्रांत एक छोटा बीप म्हणजे बहुधा सारं ठीक. लांब, पुन्हापुन्हा वाजणारे बीप म्हणजे बऱ्याचदा मेमरीची तक्रार. नेमका अर्थ कंपनीगणिक बदलतो, तो मदरबोर्डच्या पुस्तिकेत दिलेला असतो. अलीकडच्या बऱ्याच बोर्डांवर बीपऐवजी बारीक दिवे असतात. यंत्र आपलं दुखणं सांगत असतं आणि आपण मात्र घाईघाईनं पुन्हापुन्हा बटण दाबत राहतो, याचं मला फार वाईट वाटतं.

पावसाळ्यात दमट हवेच्या गावांत तर मेमरीची तक्रार नेहमीचीच. रॅमच्या, म्हणजे मेमरीच्या, पट्टीच्या कडेला जे सोनेरी संपर्क असतात, त्यांवर मळ धरतो. वायर भिंतीतून काढावी, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवावी, पट्टी काढून खोडरबरनं अलगद पुसावी, कण झटकून टाकावेत आणि दोन्ही टोकं 'टक्' करून बसेपर्यंत दाबावी. बस्स, पुष्कळदा एवढ्यावरच भागतं.

नाही भागलं तर खरी कसोटी लागते. जाणता कारागीर तेव्हा नवं काही जोडत नाही, असलेलं काढत जातो. पेन ड्राइव्ह, प्रिंटर, जादाची रॅम, डिस्कसुद्धा. प्रोसेसर, एक रॅम, एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) आणि डिस्प्ले एवढंच ठेवून तो यंत्र सुरू करतो आणि मग एकेक वस्तू परत लावतो. एका वेळी एकच! रॅम, केबल आणि मदरबोर्डवरचा सेल तिन्ही एकदम बदलले आणि यंत्र चालू झालं, तर आनंद होतो खरा, पण बिघाड कशात होता ते कायमचं हरवतं. चांगला सुटा भाग भंगारात जातो आणि दुखणारा कदाचित आतच राहतो.

डिस्कपर्यंत पोचून विंडोजच अडली, तरी सगळं पुसायची वेळ क्वचितच येते. १९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातली, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख यंत्रं निळ्या पडद्यावर थबकली. आपल्याकडे विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. दोष होता एका फाइलीत. सेफ मोडमध्ये शिरून तेवढी फाइल काढली की यंत्र सुरू होत होतं, मात्र पुष्कळ ठिकाणी माणसाला एकेका यंत्रापाशी जाऊन हे करावं लागलं. इतक्या गोंधळातही त्या लोकांनी नेमकी तेवढीच फाइल काढली, याचं मला मोठं कौतुक आहे.

म्हणून यंत्र दुरुस्तीला देताना नुसतं "सुरू करून द्या" म्हणू नये. बीप कसे वाजले, आदल्या दिवशी नवं काय जोडलं, वीज ये-जा करत होती का, कुठलं अपडेट अर्धवट राहिलं, हे सांगावं. डिस्कवरचं काय जपायचं आहे ते आधी कागदावर लिहून द्यावं. आणि यंत्र परत घेताना पैसे देण्याआधी विचारावं, "नेमकं काय निघालं?"