क्लच हवाय कुणाला?

माझ्या छोट्या ऑटोमॅटिक गाडीचा गिअरबॉक्स काढून तिथे हाताने गिअर टाकायचा मॅन्युअल गिअरबॉक्स बसवावा, हा विचार गेले काही महिने माझ्या मनात ठाण मांडून आहे. गॅरेजला होकार कळवण्याआधी मला तो स्वतःच्या सदसद्विवेकापुढे मांडायचा आहे. या बदलाच्या बाजूने मी चारचौघांत जी कारणं सांगते, तीच मला आतून ढकलतायत का, याची मला खात्री वाटत नाही.

पहिलं कारण पैशाचं. गाडीत सीव्हीटी आहे, म्हणजे दोन कप्प्या आणि त्यांच्यावरून फिरणारा पोलादी पट्टा. प्रत्येक कप्पीच्या दोन बाजूंमधली फट कमी-जास्त होते तसं गिअरचं प्रमाण झटका न देता बदलत जातं. हुब व्हॅन डोर्न या डच तंत्रज्ञाच्या कल्पनेतून १९५८ साली डाफ कंपनीची छोटी मोटार अशाच, पण रबरी पट्ट्यांवर लोकांसमोर आली. यंत्रणा सुरेख आहे. मात्र पट्टा घसरू लागला की ती उघडून दुरुस्त करणारे हात फार थोडे. बहुतेक ठिकाणी अख्खा गिअरबॉक्सच बदलायला सांगतात आणि तो महाग पडतो. म्हणून आमच्या मेकॅनिकनी सुचवलं, "ताई, याच मॉडेलचा मॅन्युअल गिअरबॉक्स जुन्या बाजारात मिळेल. बसवून देतो, कटकट मिटेल."

कटकट खरंच मिटते का, हे मी कागदावर मांडून पाहिलं. नुसता गिअरबॉक्स बदलून काम होत नाही. फ्लायव्हील, क्लचप्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग नव्याने बसवावं लागतं. क्लचचं पेडल, त्याची केबल किंवा हायड्रॉलिक जोडणी, गिअरची दांडी आणि तिच्या केबली घालाव्या लागतात. ड्राइव्ह शाफ्ट आणि गिअरबॉक्स पेलणारी माउंटिंगही बहुधा वेगळी लागतात. त्यावर मजुरी, आणि जुन्या मालाला हमी नाहीच. बिलाशिवाय मिळणारा गिअरबॉक्स कोणत्या गाडीतून निघाला, हे विचारायचं मी टाळणार होते, हेही इथेच लक्षात आलं. सगळी बेरीज केल्यावर बचत इतकी थोडी उरली, की तिच्यासाठी मी हा घाट घातला असता असं मला म्हणता येत नाही. पैशाचं कारण खोटं नाही, पण ते मुख्यही नाही.

दुसरं कारण मी सुरक्षिततेचं सांगते. घाट उतरताना गाडी गिअरवर धरता आली पाहिजे, असं मी ठासून म्हणते. परंतु माझ्याच गाडीच्या दांडीवर 'एल' (लो) आहे. उतारावर तो लावला की इंजिन गाडीला मागे ओढून धरतं आणि ब्रेकवरचा भार कमी होतो. वरंधा किंवा ताम्हिणी उतरताना मी तो किती वेळा वापरला? क्वचितच. जे साधन हाताशी आहे ते नीट शिकून न घेता दुसरं साधन मागणं, याला सुरक्षिततेची काळजी म्हणता येणार नाही.

उलट या बदलातच धोका आहे. ऑटोमॅटिक गाडी 'पी' (पार्क) किंवा 'एन' (न्यूट्रल) मध्ये असल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही. त्यासाठी एक स्विच असतो. मॅन्युअल गिअरबॉक्स बसवल्यावर तो स्विच निरुपयोगी ठरतो आणि घाईचं काम करणारे त्याच्या दोन तारा थेट जोडून मोकळे होतात. मग गाडी गिअरमध्ये उभी असतानाही चावी फिरवली की इंजिन सुरू होतं आणि गाडी पुढे उसळते. समोर कुणी लहान मूल उभं असेल तर? क्लच दाबल्याशिवाय इंजिन सुरू होणार नाही अशी जोडणी करता येते, पण ती झाली आहे की नाही हे गाडी वापरणाऱ्याला बाहेरून दिसत नाही. शिवाय जुना गिअरबॉक्स सापडत नाही म्हणून इंजिनाचा संगणक बिघाडाचा दिवा कायम पेटता ठेवू शकतो. खरा बिघाड झाला तर तो मग कळणार कसा? ही गाडी पुढे मी कुणाला विकली, तर या सगळ्याचं ओझं त्या अनोळखी माणसावर पडेल.

कायद्याकडेही मी सोयीने काणाडोळा करत होते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, उत्पादकाने मुळात दिलेल्या आणि नोंदणीत आलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही सांगितलं आहे. "कोण बघतंय?" हे वाक्य माझ्याही तोंडी आलं होतं. पण गाडीची मान्यता तिच्या इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडीसह तपासून दिलेली असते. पुण्यात वेताळ टेकडीवर १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय ही वाहनं तपासणारी संस्था आहे; तिथे अशा चाचण्या होतात. मी त्या टेकडीच्या पायथ्याशी राहून, न तपासलेली जोडी रस्त्यावर आणणार होते. अपघात झाला आणि विमा कंपनीने या बदलावर बोट ठेवलं, तर समोरच्या जखमी माणसाला मी काय उत्तर देणार?

मग खरं कारण कोणतं? ते शोधायला फार खोल जावं लागलं नाही, फक्त त्याच्याकडे बघायचं धैर्य हवं होतं. "ऑटोमॅटिक म्हणजे बायकांची गाडी" हे वाक्य मी पार्किंगमध्ये, लग्नसमारंभांत, नातेवाइकांच्या गप्पांत ऐकत आले. त्यात दोन अपमान आहेत: बायकांना गाडी नीट जमत नाही हा एक, आणि सोपं ते हलकं हा दुसरा. पहिल्याचा मला राग येतो आणि मी तो बोलून दाखवते. दुसरा मात्र मी मुकाट्याने स्वीकारला. क्लच दाबून, गिअर टाकून मी 'खरी' चालक असल्याचं मला सिद्ध करायचं होतं. ज्या फूटपट्टीने मला कमी लेखलं, तीच हातात घेऊन मी स्वतःला मोजायला निघाले होते.

चालकाचं कसब डाव्या पायात नसतं. पुढच्या गाडीपासून अंतर राखणं, पादचाऱ्याला आधी जाऊ देणं, वळणाआधी वेग उतरवणं, थकल्यावर थांबणं, हे कसब दोन पेडलांच्या गाडीतही तितकंच लागतं.

यात दादाचा विचार सर्वांत शेवटी आला, याचं मला वाईट वाटतं. माझ्या थोरल्या भावाचा डावा पाय लहानपणीच्या पोलिओने अधू आहे. क्लच नसल्यामुळेच तो माझी गाडी चालवू शकतो. आईला दवाखान्यात नेणं असो की स्वतःची कामं, त्याला कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. मी गिअरबॉक्सची चौकशी केली, सुट्या भागांची यादी केली, पण त्याला एका शब्दाने विचारलं नाही. कायद्याने मात्र त्याचा विचार केला आहे. शारीरिक अपंगत्व असलेल्या व्यक्तीसाठी गाडीत योग्य रीतीने बदल करून घेण्याची वाट त्याच कलम ५२ मध्ये मोकळी ठेवली आहे. गरजेसाठी बदल करता यावा असं कायदा म्हणतो. मी एका अधू पायाची सोय काढून घेऊन माझा मान वाढवणार होते.

मॅन्युअल गाडीचा आनंद मी नाकारत नाही. इंजिनाचा आवाज ऐकून नेमक्या क्षणी गिअर बदलणं, चढावर हाफ क्लचवर गाडी तोलून धरणं यात खरं सुख आहे. अमेरिकेत नव्वदच्या दशकातल्या होंडा सिव्हिकवर हौशी मंडळी असे बदल मनापासून करतात. दोन्ही प्रकारांचे भाग तिथे भरपूर मिळतात. त्यांच्या हौसेला मी नावं ठेवणार नाही. माझी हौस मला भागवायची असेल, तर कारखान्यातूनच मॅन्युअल आलेली जुनी गाडी घेण्याचा सरळ मार्ग आहे. त्यासाठी कुणाचा हक्क हिरावून घ्यावा लागत नाही आणि आरसी बुकाशी खोटं बोलावं लागत नाही.

म्हणून माझा निर्णय झाला आहे. सीव्हीटीची दुरुस्ती करून घ्यायची, पक्कं बिल घ्यायचं आणि गाडी आहे तशीच ठेवायची. तुमच्याही मनात असा बदल घोळत असेल, तर मेकॅनिकला फोन लावण्याआधी घरात विचारा, ही गाडी आणखी कोण चालवतं, आणि बदलानंतर ती व्यक्ती ती चालवू शकेल का.